पाटलांना हवी होती हलकी रायफल: कळमनुरी तालुक्यातलं एक प्रकरण

माणसाचं आणि गावाचं नाव देत नाही. त्यांना पाटील म्हणू. गावही तसंच म्हणतं. वय पंचावन्नच्या पुढं, जमीन नऊ एकर. त्यातली सहा एकर काळी, उरलेली तीन डोंगराला लागून मुरमाड. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीच्या पाण्यावर मका आणि भुईमूग, रब्बीत हरभरा आणि ज्वारी. मी पोलीस दलात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्त झाल्यापासून परवाना, खरेदी, दुरुस्ती अशा कामांत लोक सल्ला विचारायला येतात. पाटील भाच्याला घेऊन आले होते.

"रामराम जमादार. हलकी, स्वस्त अन् सगळ्या कामाला चालंल अशी एक रायफल सांगा. डुकरांनी भुईमूग उकरून खाल्ला. रोही तर हरभऱ्यात बसून खायलेत."

भाच्यानं मोबाईलवर यादीच काढून आणली होती. फिनलंडची टिका टी३एक्स लाइट, अमेरिकेची रुगर अमेरिकन, आणि काडतूस म्हणाल तर 6.5 क्रीडमूर. पोरानं अभ्यास मनापासून केला होता आणि त्याची निवड अमेरिकेतल्या माणसासाठी चुकीचीही नव्हती. या दोन्ही रायफली साधारण तीन किलोच्या आत बसतात, दोन्ही दर गोळीला हातानं बोल्ट मागंपुढं करायच्या, म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शन आहेत. 2007 मध्ये बाजारात आलेलं 6.5 क्रीडमूर धक्का कमी देतं आणि लांबवर नेम धरतं. तिकडं हरणाच्या हंगामात डोंगर चढून जाणाऱ्याला अशीच रायफल लागते.

पण आपल्याकडं 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्याआधी देशात आलेल्या जुन्या परदेशी रायफली परवानाधारकांमध्ये हात बदलत फिरतात आणि त्यांचे भाव शेतकऱ्याला न झेपणारे असतात. त्यामुळं यादीतलं पहिलं पान तिथंच मिटलं. उरल्या देशी कारखान्याच्या बंदुका. त्यांच्याकडं वळण्याआधी मी पाटलांना विचारलं, मारायचं काय, कुठून, आणि कोणाच्या परवानगीनं?

कायदा काय म्हणतो

हे आधी बोलणं भाग होतं, कारण "शिकारीची रायफल" हा शब्द पाटलांच्या तोंडात वडिलांच्या काळातून आलेला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 नं शिकार बंद केली आहे. कलम 11 मध्ये वाट ठेवलेली आहे: जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, म्हणजे उभ्या पिकालाही, धोकादायक झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. 2022च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, ही दोन्ही जनावरं कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे दुसऱ्या यादीत, आहेत, त्यामुळं त्यांच्याबाबत ही वाट खुली आहे. काळवीट आणि चिंकारा अनुसूची 1 मध्ये आहेत. पीक खाल्लं म्हणून त्यांच्यावर बंदूक रोखता येत नाही. मराठवाड्यात हे लक्षात ठेवायलाच हवं. हरभऱ्यात रात्री बॅटरी मारली की चमकणारे डोळे रोह्याचे की काळविटाचे, हे लांबून भल्याभल्यांना कळत नाही.

परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असतं. ते वन विभागाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा. वाटे करून मटण न्यायचं नाही. हे ऐकून भाचा थोडा हिरमुसला. पाटलांनी मान डोलावली. त्यांना पीक राखायचं होतं.

दुसरा कायदा शस्त्रांचा, 1959चा. त्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तो आहे ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचा. ठासणीची पुरी पडत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आपल्या भाषेत बारा बोर. रायफल या रांगेत नाही. ती मागायची तर अर्जदारानं वेगळं सबळ कारण दाखवायचं आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना पटायला हवं. नळीच्या आत आटे पाडलेले असले की ती रायफल, नसले की ती बंदूक, एवढा साधा फरक. पण अर्ज त्यावरच अडतो. लोक दुकानात जाऊन रायफल पसंत करतात, इसार देतात आणि मग अर्ज लिहायला बसतात. क्रम उलटा हवा.

देशी रायफलींचा पर्याय

तरी पाटलांनी रायफलीचा विचारच करू नये, असं मी म्हणालो नाही. त्यांची जमीन न बघता तसं म्हणणं बरोबर नव्हतं. म्हणून तिन्ही पर्याय समोर ठेवले.

पहिली .315. इशापूरच्या रायफल फॅक्टरीची, पाच गोळ्यांचं मॅगझिन, बोल्ट अ‍ॅक्शन. ज्यानं पोलिसात थ्री-नॉट-थ्री हाताळली आहे त्याला ही हातात घेताच ओळखीची वाटते, कारण यंत्रणा त्याच घराण्यातली आहे. इंग्रजांच्या काळात .303 हे लष्कराचं काडतूस नागरिकांना बंद होतं, म्हणून आपल्याकडं नागरिकांत 8 मिलिमीटरचं हे काडतूस रुळलं. गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम. जड आणि तुलनेनं संथ. शंभर मीटरच्या आत रानडुकराला आणि रोह्याला पुरून उरते. देशात बनणारं काडतूस असल्यानं ते मिळतं. .303 अजूनही प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंद असलेल्या मापांत, आहे, त्यामुळं कोणी जुनी थ्री-नॉट-थ्री स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून उठून यावं.

या रायफलीची एक गोष्ट दुकानदार सहसा दाखवत नाहीत. .315च्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढं यायला हवी. उलटी बसली तर बोल्ट पुढं ढकलताना वरचं काडतूस खालच्यात अडकतं आणि रायफल जाम होते. मी पाटलांच्या हातात मॅगझिन आणि डमी काडतुसं दिली. दुसरं काडतूस भरतानाच कड मागं राहिली. अंगठ्यानं दाबून बघितलं तर वरून काहीच कळत नव्हतं. बोल्ट सरकवला तेव्हा अडकला. अंधारात, माळ्यावर म्हणजे राखणीच्या मचाणावर, डुकराचा कळप मक्यात घुसलेला असताना हे होऊ नये म्हणून घरी बसून भरण्याचा सराव करावा लागतो, डोळे मिटून.

दुसरी .30-06, तीही देशी कारखान्याची. 1906चं अमेरिकन काडतूस, जगभर ज्याला सर्व कामाचं म्हणतात ते हेच. ताकदीला .315च्या वर, नेमाला सरळ. पण पाटलांच्या कामाला ही ताकद लागत नव्हती, काडतूस महाग आणि आपल्या भागातल्या दुकानांत सहज न मिळणारं. ज्या रायफलीची गोळी परवडत नाही ती सरावाविना राहते.

तिसरी .22, कारण भाच्यानं विचारलं, "मामा, ही सगळ्यात हलकी अन् सगळ्यात स्वस्त. हीच का नको?" चाळीस ग्रेनची गोळी कागदावर नेम शिकायला उत्तम. रानडुकरावर ती झाडणं म्हणजे जनावर जखमी करून सोडणं. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी निंदणीला आलेल्या बायकांवर येतं. या पर्यायावर मी पुढं एक शब्दही बोललो नाही.

हलकेपणाचा हिशोब

पाटलांचा हलकेपणाचा आग्रह खरा होता. घर ते आखाडा, म्हणजे शेतातलं राहायचं ठिकाण, आखाड्यापासून चढ चढून वरचा तुकडा, हातात बॅटरी आणि काठी. त्यात उजवा खांदा जुन्या अपघातानं दुखणारा. पण हलकी बंदूक चालायला बरी आणि झाडायला वाईट असते. काडतूस तेच ठेवून रायफल एक पंचमांशानं हलकी केली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पाव पटीनं वाढते. दुखऱ्या खांद्याला हे लगेच कळतं. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढायच्या आधी डोळे मिटतो, नळी खाली झुकवतो आणि गोळी जमिनीत घालतो. पोलीस भरतीच्या पोरांना शिकवताना हे रेंजवर रोज दिसायचं. धट्टीकट्टी पोरं, तरी पहिल्या दिवशी खांदा निळा आणि दुसऱ्या दिवशी नेम गायब.

शिवाय .315 हलकी नाहीच. साडेतीन किलोच्या आसपास जाते. पाटलांच्या घरी वडिलांची, आबांची, जुनी बारा बोर आहे असं बोलता बोलता निघालं. दुनळी, देशी कारखान्याची, 1988 साली घेतलेली. "ती लय जड आहे, जमादार. आन् ती आबांच्या नावावर." धान्य मोजायच्या काट्यावर ती ठेवली तर तीन किलो दोनशे ग्रॅम भरली. म्हणजे जी जड म्हणून नको होती ती नव्या रायफलीपेक्षा हलकी निघाली. मग जड का वाटत होती? दोन कारणं. तिला पट्टाच नव्हता. आबा बैलगाडीनं रानात जायचे, त्यांना खांद्यावर अडकवायची गरज पडली नाही. आणि दस्ता पाटलांना लांब होता. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवून हात पुढं केला की बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं. पाटलांचं बोट जेमतेम टेकत होतं. आबा उंच होते. लांब दस्त्याची बंदूक पुढं ओढते आणि असल्यापेक्षा जड लागते.

भाचा म्हणाला, नळ्याच कापून आखूड करू. मी त्याला जागेवरच थांबवलं. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याच्या कलम 6 खाली गुन्हा आहे. गावठी मिस्त्री पाचशे रुपयांत करून देईल आणि पाटील कोर्टाच्या पायऱ्या चढतील.

रानात उभं राहून

निर्णय खरा झाला तो शेतात. दिवस मावळायच्या आधी आम्ही माळ्यावर चढलो. मका आणि भुईमुगाचा तुकडा माळ्याच्या पुढ्यात. डुकरं येतात ती ओढ्याच्या बाजूनं, एकाच वाटेनं. कुंपणाखाली माती खरडून गुळगुळीत झालेली, बाभळीच्या काट्याला काळे राठ केस अडकलेले. माळ्यापासून त्या वाटेपर्यंत पावलं टाकली तर अठ्ठावीस भरली. तुकड्याचा लांबचा कोपरा त्रेचाळीस पावलांवर. रोही यायचे ते खालच्या हरभऱ्यात, आणि त्या हरभऱ्याच्या पलीकडं, नेमक्या सरळ रेषेत, शेजाऱ्याचा आखाडा. तिथं सालगडी लेकराबाळांसह राहतो.

रायफलीची गोळी चुकली तर ती तीन किलोमीटरही जाऊ शकते. एवढ्याशा .22च्या गोळीचा धोकासुद्धा दीड किलोमीटरच्या पुढं असतो. मराठवाड्यातलं रान सपाट आणि उघडं. दर दोन-तीन धुऱ्यांवर कोणीतरी जागलीला असतं. बारा बोरचे मोठे छर्रे काही शे मीटरमध्ये खाली पडतात. त्यातही मी एक गोष्ट पाटलांना दाखवली. माळ्यावरून खाली तिरकं मारलं तर पुढ्यात काळी माती आहे, ती गोळी मुरवते. वरच्या मुरमाड तुकड्यात काळा खडक उघडा पडलेला आहे, तिथं आदळलेली गोळी कुठंही उसळेल. म्हणून त्या तीन एकरांत बंदूक नाहीच, असं ठरवलं.

अठ्ठावीस पावलांवर, माळ्यावरून खाली, मऊ मातीच्या पार्श्वभूमीवर रानडुक्कर. या कामाला रायफल लागत नाही. ज्या शस्त्राची मागणी कायद्यात आधीच बसते तेच शस्त्र जमिनीलाही बसत होतं, आणि ते घरात खुंटीला होतं.

आबांची बंदूक तपासली

बंदूक घरात असली म्हणून चालण्याजोगी असतेच असं नाही. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, सत्तर मिलिमीटरचं आहे हे नळीवरच्या खुणेवरून बघितलं. जुन्या बंदुकांचं चेंबर पासष्टचं असतं आणि त्यात सत्तरचं काडतूस घालू नये. पुढचं लाकूड काढून, नळ्या मिटवून, बंदूक कानाशी धरून हलवली. सांधा सैल झालेला असेल तर खटखट ऐकू येते. आली नाही. नळीतून उजेडाकडं बघितलं. उजवी स्वच्छ. डावीत मध्यावर एक गोल सावली दिसली आणि मी थोडा काळजीत पडलो, कारण नळी फुगलेली असेल तर अशीच कडी दिसते. बाहेरून बोट फिरवलं, तिथं उंचवटा नव्हता. ब्रशला तेल लावून घासल्यावर सावली निघाली. शिशाचा थर होता. डावा फायरिंग पिन झिजलेला होता, तो परवानाधारक दुकानात बदलला. तिथंच दस्ता मापाला कापून मागं रबरी पॅड बसवलं आणि रुंद कातडी पट्टा लावला. नव्या रायफलीच्या किमतीपुढं हा खर्च किरकोळ.

आता प्रश्न नावाचा. आबांच्या परवान्यावरची बंदूक पाटलांनी उचलून जागलीला नेणं बेकायदा; घरातली आहे म्हणून ती कोणाचीही होत नाही. 2016च्या शस्त्र नियमांत यासाठी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्याचा अर्ज करता येतो. आबा दोन्ही अटींत बसत होते. पाटलांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात गेला, पोलीस चौकशी झाली, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलं. भावंडांची ना-हरकत मिळवायला मात्र वेळ गेला. नांदेडला दिलेल्या बहिणीला वाटलं जमिनीच्या कागदावरच सही घेतायत. समजूत पाटलीणबाईंनी घातली.

परवाना हातात आल्यावर रेंजवर डुकराच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांची, काडतुसं झाडून बघितली. पंचवीस मीटरवर डाव्या नळीचे छर्रे छातीच्या जागी एकवटले. चाळीसवर विखुरले, नेमके बसणारे एक-दोनच. म्हणून पाटलांसाठी हद्द तीस पावलं ठरली. मक्याच्या लांबच्या कोपऱ्यावर, डुक्कर कितीही मोठं दिसलं तरी, बंदूक उचलायची नाही. माळ्यापासून तीस पावलांवर चुन्यानं रंगवलेले दगड ठेवले, बॅटरीच्या उजेडात दिसतात.

हे सगळं डुकरांपुरतं. रोह्यांच्या हरभऱ्याला बंदुकीनं हात लावायचाच नाही, पलीकडं वस्ती आहे. तिथं सोलरचं झटका मशीन आणि तारा लावल्या. थेट मेनलाइनचा करंट तारेत सोडणारे लोक आपल्याकडं आहेत आणि त्यात माणसं मेली आहेत. झटका मशीनचा धक्का क्षणाचा असतो, जनावराला पळवतो, मारत नाही. वन विभागाकडं नुकसानभरपाईचा अर्जही पाटलांनी त्याच आठवड्यात भरला. ते आधी टाळत होते, पंचनाम्याला कोणी येत नाही म्हणून. आले.

वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून मिळालेल्या परवानगीच्या मुदतीत पाटलांनी दोन डुकरं मारली, दोन्ही एकेका काडतुसात, दोन्हींचा पंचनामा झाला. त्यानंतर कळपानं ती वाट सोडली आणि ओढ्याच्या वरच्या अंगानं शेजारच्या शिवारात शिरू लागला. पुढच्या हंगामासाठी नव्यानं अर्ज करावा लागेल. तोवर बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कपाटात, आणि निवडणूक लागली व तसा आदेश आला की ठाण्यात जमा.

या प्रकरणानंतर ओढ्यापलीकडचे एक शेतकरी येऊन गेले. त्यांचं रान वेगळं आहे: माळा टाकायला जागा नाही, जनावरं येतात ती ऐंशी-नव्वद मीटरवर, आणि मागं दोन पुरुष उंचीची मातीची दरड आहे जिच्यावर वस्ती नाही. त्यांना मी .315चाच विचार करा म्हणालो. अर्जात ते अंतर, ती दरड आणि बारा बोर तिथं का पुरत नाही, हे नकाशासह लिहायला सांगितलं आहे. दुकानात जायचं ते त्या अर्जाचं उत्तर आल्यावर.